पाऊण सीसीचं फ्री फ्लाइट: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

फ्री फ्लाइटचं, म्हणजे हातातून सुटल्यावर आपलं आपण उडणारं छोटं विमान बांधायचंय. त्याचं इंजिन ठरलं. सरांच्या ट्रंकेत ०.७५ सीसीचं मिल्स कंपनीच्या नमुन्याचं डिझेल इंजिन पडून होतं, ते त्यांनी काल हातात ठेवलं आणि म्हणाले, "नुसतं कपाटात ठेवणार असशील तर नको नेऊस." सर एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवायचे. मूळ मिल्स इंग्लंडमधल्या वोकिंगची. १९४६ साली त्यांचं १.३ सीसीचं इंजिन आलं आणि मागोमाग हे धाकटं. माझ्याकडचं मात्र कलकत्त्याच्या ऑरोराचं, म्हणजे त्याचीच भारतीय आवृत्ती. एनसीसीत ज्यांनी विमानं बांधली त्यांतल्या बऱ्याच जणांचं बोट पहिल्यांदा याच इंजिनाच्या पंख्यानं सोलून निघालं असेल.

नक्कल म्हटली की नाक मुरडणारे आहेत. मला विचाराल तर सुरू होणारी नक्कल कपाटातल्या अस्सलपेक्षा बरी.

सध्या ते सुरू होणं लांबच, फिरतही नाही. इंधनातलं एरंडेल आत वर्षानुवर्षं राहून लाखेसारखं घट्ट झालंय. पक्कड लावायची नाही, शाफ्ट वाकतो. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलंय. उद्या हेअर ड्रायरनं गरम करून हातानंच हलवून बघायचं.

१७ नोव्हेंबर

इंजिन सुटलं. पिस्टनला पकड चांगली आहे. पंखा फिरवला की वर जाताना स्पष्ट अडतो आणि सोडला की मागे उसळतो. आता त्याच्याभोवती विमान.

रेडिओ नाही, दोरी नाही. हातातून सुटल्यावर मला काहीही करता येणार नाही, हेच या खेळाचं सगळं सुख आणि सगळी डोकेदुखी. विमान एक असलं तरी त्याला दोन विमानं म्हणून उडायचंय. इंजिन चालू असताना एक, बंद पडल्यावर दुसरं. पहिल्याला ताकद फार, म्हणून ते नाक वर काढतं आणि पंख्याच्या उलट्या झटक्यानं डावीकडे कलतं. दुसऱ्याला ताकदच नाही, त्याला सावकाश घसरत खाली यायचंय. दोघांसाठी पंख तोच, शेपूटही तीच. म्हणून कागदावरच ठरवून टाकलं: घसरण जुळवायची ती शेपटीनं आणि पंखाच्या बैठकीनं, चढण जुळवायची ती फक्त इंजिनाच्या कोनानं. एकाचं औषध दुसऱ्याला द्यायचं नाही.

मापं अशी. पंख ९०० मिमी लांब, १५० मिमी रुंद, म्हणजे साडेतेरा चौरस डेसिमीटर. छेद खालून सपाट, क्लार्क-वाय या प्रसिद्ध छेदाच्या जातीचा, कारण तो पाटावर सरळ मांडून बांधता येतो. दोन्ही बाजूंना दहा अंशांचं डायहेड्रल, म्हणजे पंखाची वरच्या दिशेनं उचल, टोक साधारण ७८ मिमी वर. शेपटीचा आडवा पंख ३८० बाय १००. पंख आणि शेपूट यांच्या कोनांत तीन अंशांचा फरक. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिमीवर. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास राहिलं तर उत्तम.

इंजिन बसवायच्या बोल्टांची भोकं मुद्दाम लांबट ठेवतोय, म्हणजे ते डावी-उजवीकडे थोडं वळवता येईल. नाक खाली करायचं झालं तर मागच्या बाजूला पातळ पट्टी सारायची.

२४ नोव्हेंबर

बाल्साचं, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचं, पार्सल आलं. सगळ्यात आधी शीट वजन करून बघितल्या. दीड मिलिमीटरच्या, ९० सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद, एकाच गठ्ठ्यातल्या, पण सर्वांत हलकी १२ ग्रॅम आणि सर्वांत जड २१. दिसायला सारख्याच. हलक्या शेपटीला, जड नाकाजवळच्या भिंतींना. शेपूट इतकी लांब मागे असते की तिथला एक ग्रॅम पुढे तीन-चार ग्रॅम शिसं मागतो, म्हणून हा चोखंदळपणा.

रिब्जसाठी, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्ट्यांसाठी, प्लायचे दोन साचे कापले, मधे बाल्साचे तुकडे रचले, दोन बोल्टांनी आवळले आणि गठ्ठाच घासून काढला. पुतण्या सुट्टीला आलाय, त्यानं यातलं बरंच काम केलं. रबरबँड अडकवायच्या काड्या बांबूच्या. बाजारात यासाठी बीच लाकडाच्या गोल काड्या मिळतात, पण पतंगाची चांगली कामटी तासून घेतली तर तितकीच मजबूत आणि हलकी. संक्रांतीचा माल दुकानांत यायला लागलाय, चार रुपयांत काम झालं.

४ डिसेंबर

पंख कागदानं मढवले. पतंगाचाच पातळ कागद, पिवळा. माळावरच्या वाळक्या गवतात पिवळा दिसत नाही म्हणून पंखाच्या खालच्या बाजूला आणि शेपटीला गुलाबी. खळ लावून चिकटवला, वाळल्यावर फवाऱ्यानं पाणी मारलं. ओला असताना झोळीसारखा लोंबतो आणि तासाभरात ताणून बसतो. पंख पाटावर दाबून ठेवायचा, नाहीतर कागद ताणताना त्याला पीळ देतो.

डोप, म्हणजे कागद ताणून घट्ट करणारं लॅकर, मात्र थांबवावं लागलं. चार दिवस हवा ढगाळ आणि दमट. पहिल्या हातालाच पांढरट झाक आली. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि डोप दुधासारखं होतं. ऊन पडल्यावर वरून नुसत्या थिनरचा हात मारला की जातं ते. डोपमध्ये एरंडेलाचे काही थेंब टाकतोय, म्हणजे महिन्यांनंतर कागद कडक होऊन तडकत नाही.

८ डिसेंबर

इंजिनाचा दिवस.

इंधन तिघांचं, समसमान: ईथर, रॉकेल, एरंडेल. ईथर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून. रॉकेल मिळवणं हे आता ईथरपेक्षा अवघड झालंय, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. एरंडेल किराणा दुकानातलं. वेगवान इंजिनांना यात पेटायला मदत म्हणून थोडं नायट्रेट घालतात; मिल्सचा स्वभाव संथ, तिला त्यावाचून चालतं. मिसळायचं उघड्यावर, सकाळी गारव्यात, आणि बाटलीचं बूच क्षणभरही उघडं टाकायचं नाही. ईथर उडून जातं आणि मग अर्धा दिवस इंजिनाला शिव्या देण्यात जातो, दोष इंधनाचा असतो.

या इंजिनाला प्लग नाही, बॅटरी नाही. पिस्टन हवा आणि ईथर इतकं दाबतो की ते आपोआप पेटतं. किती दाबायचं ते ठरवणारा आडवा दांडा डोक्यावर असतो. तो पिळला की सिलिंडरमधला वरचा छोटा पिस्टन खाली सरकतो. दुसरी गोष्ट म्हणजे सुई, ती इंधन किती जाणार ते सांगते. बस, दोनच गोष्टी. पण दोन्ही एकमेकींत अडकलेल्या.

स्टँड बाकाला आवळला. पंखा नायलॉनचा, ८ बाय ४. म्हणजे आठ इंच व्यास आणि एका फेऱ्यात चार इंच पुढे. डिझेलला जरा जड पंखा मानवतो, त्याचा फिरता भार पुढचा दाब पेलून नेतो. बोटावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. धुराच्या भोकातून दोन थेंब आत सोडले, हवा घ्यायच्या नळीवर बोट ठेवून दोन फेरे दिले, आणि झटका.

काही नाही. पुन्हा झटका. दांडा पाव फेरा खाली. झटक्याला 'फुट्' असा एक ओला आवाज, निळसर धूर. अजून थोडा पीळ. फट-फट-फट आणि बंद. थोडी सुई उघडली. मग ते लागलं, आधी अडखळत, खोकल्यासारखं, आणि दांडा आणखी केसभर पिळताच आवाज एकदम जुळून सलग झाला. सर खुर्चीत बसून होते. डोळे मिटून म्हणाले, "जास्त दाब दिलायस. ऐक, ओझं वाहतोय तो." आठवा हिस्सा फेरा सोडला आणि खरंच वेग वाढला. दाब जास्त झाला की इंजिन तापतं आणि आवाज जाडा होतो. कमी पडला की मधूनमधून ठोका चुकतो. मधली जागा कानानंच सापडते.

इंजिन रुळवायला सहा-सात छोट्या टाक्या जाळल्या, मधे गार होऊ देत. इंधनाचं भूक-मापही घेतलं: सिरिंजनं अर्धा मिलिलिटर घातलं की पंचवीस ते तीस सेकंद. घराला रात्रीपर्यंत ईथर-रॉकेलचा वास. यावर घरात जे बोलणं झालं ते या नोंदींत घेत नाही.

१५ डिसेंबर

जोडणी पूर्ण. पंख ६२ ग्रॅम, शेपूट १४, अंग आणि चाकांचा सांगाडा ९८, इंजिन पंख्यासकट ७२, उड्डाण संपवणाऱ्या टायमरसाठी ६ धरले. एकूण २५२. दर चौरस डेसिमीटरला १९ ग्रॅमच्या आत, आणि तोलासाठी शिसं लागलं नाही.

पंख अंगाला रबरबँडनंच बांधलाय. स्क्रूनं आवळला असता तर पहिल्या आपटीत मोडला असता, रबर निसटून जाऊ देतं.

२२ डिसेंबर

दहिवडीच्या पुढचा माळ. सकाळी सात, थंडी भरपूर, वारा नाही. गवत गुडघ्यापर्यंत आणि वाळलेलं, म्हणजे पडायला गादी.

इंजिन बंद ठेवून नुसत्या फेकी. फेकायचं म्हणजे विमानाच्या स्वतःच्या वेगानं पुढे ढकलायचं, क्षितिजाच्या किंचित खाली, नाक वर नाही. हे वजन आणि हा पंख धरता तो वेग सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास येतो, म्हणजे चार पावलं धावून हात मोकळा करायचा. सुरुवातीला नाक उचलून थबकत होतं आणि खाली बुडत होतं. शेपटीच्या पुढच्या कडेखाली जाड कागदाची एक घडी; थबकणं थांबलं. आणखी एक घडी. आता जरा घाईनं उतरतं. एक काढली. शेपटीचं डावं टोक ५ मिमी उचललं. शेपूट कलती केली की विमान उचललेल्या बाजूला वळतं. सावकाश डावा वळसा मिळाला.

एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहिल्याशिवाय पुढची फेक नाही. पुतण्याला हे फार संथ वाटतं. त्याला म्हटलं, दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर सुधारलं कशानं ते तुला कोण सांगणार?

२९ डिसेंबर

आकाश भरलेलं, माळावर गेलो नाही. टायमर केला.

कशासाठी ते लिहून ठेवतो. १९३२ साली अमेरिकेत मॅक्सवेल बॅसेट नावाच्या तरुणानं बिल ब्राऊनचं पेट्रोल इंजिन लावलेलं मॉडेल राष्ट्रीय स्पर्धेत आणलं. पुढे १९३४ मध्ये त्याचं एक विमान टाकीभर पेट्रोल घेऊन अडीच तासांहून जास्त उडत राहिलं आणि न्यू जर्सीतून डेलावेअरमध्ये जाऊन उतरलं. तेव्हापासून इंजिन किती वेळ चालू द्यायचं यावर बंधनं आली. आजच्या स्पर्धेतल्या एफ-वन-सी या इंजिनवाल्या फ्री फ्लाइटच्या वर्गात अडीच सीसीपर्यंतचं इंजिन असतं आणि ते काही सेकंदांतच बंद करावं लागतं. पण इंजिन बंद करूनही भागत नाही. वर येणारी गरम हवा सापडली तर घसरणारं विमानही खाली येत नाही. म्हणून डीथर्मलायझर, म्हणजे ठरावीक वेळानं शेपटीची मागची कड चाळीस-पंचेचाळीस अंश वर उचलणारी युक्ती. विमानाचं उडणं संपतं आणि ते आडवंच, फारसं पुढे न जाता, खाली बसत येतं. या उसळत्या शेपटीसाठी कार्ल गोल्डबर्गचं नाव घेतलं जातं.

जुने लोक यासाठी सोऱ्यात भिजवलेली जळती वात वापरत. माझ्या मनात उदबत्ती आली होती, सावकाश आणि एकसारखी जळते. पण डिसेंबर-जानेवारीत हा माळ म्हणजे ठिणगीची वाट बघणारं गवत. एक विमान वाचवायला वणवा लावायचा नाही. वात बाद.

त्याऐवजी किल्लीचं खेळणं. जत्रेत मिळणारं टुणटुण चालणारं प्लास्टिकचं बेडूक फोडलं, आतला चावीचा डबा काढला. त्यात मागेपुढे डुगडुगणारा एक छोटा तुकडा असतो, तोच वेग आवरतो. त्याला तारेचा तुकडा चिकटवून जड केला की सगळं सावकाश फिरतं. तारेची लांबी कमीजास्त करत अडीच मिनिटांवर आणलं. शेपटी धरून ठेवणारा दोरा फिरत्या दांडीवर अडकवलाय. दांडी वळली की दोरा सुटतो, रबर शेपूट वर ओढतं. वजन पाच ग्रॅम, शेपूट उचलायच्या आधी टर्रर्र असा आवाज. पुतण्या खूष, बेडकाचं उरलेलं टरफल त्यानं जपून ठेवलंय.

५ जानेवारी २०२५

इंजिनासह पहिलं उड्डाण.

पंखा उलटा बसवला, मागची बाजू पुढे. इंजिन त्याच दिशेनं फिरतं, वाराही मागेच जातो, पण पात्याचा फुगीर भाग चुकीच्या बाजूला आल्यानं ओढ बरीच कमी होते. नव्या विमानाला पहिल्यांदा अशीच अर्धी ताकद द्यावी. इंजिन मंद करून चालवलं तर ते मधेच खोकतं आणि बंद पडतं, त्यापेक्षा हे भरवशाचं.

क्रम असा बसला. टाकी भरून सुरू करायचं, सुई आणि दाब जुळवायचा, बोटानं नळी दाबून बंद. टाकी रिकामी करून अर्धा मिलिलिटर मोजून घालायचं. गरम इंजिन एक-दोन झटक्यांत लागतं. टायमर सोडायचा, वारा बघायचा, हात मोकळा.

विमान डावीकडे मोठा वळसा घेत पुरुषभर उंचीवर फिरत राहिलं, जेमतेम चढत. इंजिन थांबलं, एक हलकी डुलकी खाल्ली आणि गवतात उतरलं. चढणं-उतरणं दोन्ही डावीकडे, हवं तसंच.

१२ जानेवारी

पंखा सुलटा. पूर्ण ताकद.

पहिला अर्धा वळसा देखणा. मग वळसा आवळत गेला, डावा पंख खाली, नाक त्याच्या मागे, आणि आवाज चढत असतानाच ते गवतात घुसलं. पंख निसटून चार हात लांब. दोन रिब मोडल्या, इंजिनामागची भिंत तडकली. पंखा शाबूत.

पुतण्याचं म्हणणं, रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाचा वळणारा भाग, थोडं उजवीकडे वळवू. पण मग इंजिन बंद पडल्यावर तेच रडर घसरणीला उजवीकडे ओढणार आणि डिसेंबरात जमवलेलं सगळं जाणार. रोग ताकदीचा आहे, औषध ताकदीच्याच वाटेनं द्यायचं. इंजिन दोन अंश उजवीकडे वळवलं आणि तीन अंश खाली झुकवलं. ताकद आहे तोवरच हा कोन काम करतो. इंजिन थांबलं की तो विमानाला माहीतही नसतो.

दुसरी गोष्ट डाव्या पंखाची. वळशात आतला पंख हळू चालतो, त्याची उचल आधी संपते. त्याला थोडा जास्त कोन दिला की तो खाली पडत नाही. किटलीच्या वाफेवर पंख धरला, मागची कड तीन मिलिमीटर खाली पिळली आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवली. कागद आणि डोप गार झाल्यावर तो पीळ धरून ठेवतात. दोन बदल एकदम झाले खरे, पण दुरुस्तीसाठी पंख हातात होताच.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून माळावर पोचायला नऊ वाजले, तरी वारा बेताचा. आज सरही आले, काठी टेकत बांधापर्यंत.

उड्डाण: इंजिन २४ सेकंद, एकूण १ मिनिट २२ सेकंद. सैल, गोल, डावा जिना चढत गेल्यासारखं वर गेलं. साधारण पन्नास मीटरवर आवाज थांबला. नाक किंचित वर आलं, एक छोटी लाट घेतली आणि ते मोठ्या वळशात घसरायला लागलं. चढणीचं विमान आणि घसरणीचं विमान यांच्यातला सांधा जवळजवळ दिसेनासा झालाय. ती एक लाट उरली आहे, इंजिन आणखी अर्धा अंश खाली झुकवून जाईल असं वाटतं.

सर म्हणाले, "आता हात लावू नकोस त्याला." मी अर्ध्या अंशाचं त्यांना सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी

अर्धा अंश खाली. लाट गेली.

दहाच्या सुमाराला ऊन चढलं आणि पूर्वेकडच्या नांगरटीवर दोन घारी पंख न हलवता गोल फिरायला लागल्या. उघड्या काळ्या जमिनीवरून गरम हवा वर येत होती. घारींच्या अलीकडे सोडलं. इंजिन २८ सेकंद चाललं, आणि बंद पडल्यावर विमान खाली यायच्या ऐवजी तिथंच फिरत राहिलं, मग स्पष्टपणे वर. पिवळं दिसेना, फक्त खालचा गुलाबी वळताना चमकायचा. अडीच मिनिटं झाली आणि ते एकाएकी जागीच थबकल्यासारखं आडवं खाली यायला लागलं. बेडकाचा डबा सुटला होता. तीन मिनिटं दहा सेकंदांनी शाळूच्या उभ्या पिकात गेलं, अर्ध्या किलोमीटरहून थोडं पुढे.

उभ्या शाळूत विमान शोधणं म्हणजे दिवस गेला. पण मचाणावर गोफण घेऊन पाखरं राखणारे एक दादा होते. त्यांनी बघितलं होतं. "ड्रोन हाय व्हय?" म्हणाले. नाही म्हटलं, याला कुणी चालवत नाही. "मग ह्ये खाली कसं आलं?" त्यांना शेपूट उसळून दाखवली, रबर आणि डबाही दाखवला. त्यांनी दोनदा किल्ली भरून स्वतः करून बघितलं, मग सरळ ओळीतून आत शिरून नेमकं ताट दाखवलं जिथं चाक अडकलं होतं. एकाही कणसाला धक्का नाही, विमानाला एक बारीक भोक. वर हुरडा खाल्ल्याशिवाय सोडेनात.

आजचे कोन पेन्सिलीनं अंगावर लिहून ठेवले: उजवीकडे २, खाली ३.५, शेपटीचं डावं टोक ५ मिमी, तोल ६० मिमी, अर्धा मिलिलिटर. उजव्या पंखाखाली फोन नंबर आधीपासून आहे, तो मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहायचा. मचाणावरच्या दादांना तो वाचता येईना, इतका बारीक. टायमर दोन मिनिटांवर आणायचा, शाळू काढला जाईपर्यंत तरी. पुतण्याला याच मापांवर स्वतःचं बांधायचंय. शीट वजन करून घ्यायला त्याला माझा काटा मिळेल, इंजिनासाठी त्यानं सरांकडे स्वतः जावं.